तिसरा ग्लास मागेपर्यंत

आमच्या नाशिकच्या सोसायटीत एक काका राहतात. मायकोतून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं होऊन गेली. कंपनीचं नाव केव्हाच बॉश झालं, पण नाशिककर चौकाला अजून मायको सर्कलच म्हणतो आणि काकाही ‘आमचं मायको’ असंच म्हणतात. डिझेल इंजिनात इंधन फवारणारे भाग नाशिकला बनतात आणि बॉशचा तसाच एक मोठा कारखाना जर्मनीत बांबेर्गला आहे. त्यामुळे ऐंशीच्या दशकात काका तीन महिने बांबेर्गला ट्रेनिंगला जाऊन आले होते. मी जर्मनीला निघालोय हे कळल्यावर त्यांनी गॅलरीतूनच हाक मारली.

“म्युनिक-बिनिक राहू दे. बांबेर्गला जा, धुराची बिअर पी. पहिल्या ग्लासाला मला शिव्या घालशील. दुसरा नेटाने संपव. तिसरा तू स्वतःच मागशील.”

भाची एर्लांगेनला शिकते. तिथून बांबेर्ग रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर. म्हटलं, बघू या काकांचं गाव.

बांबेर्ग म्हणजे ऐंशी हजारांच्या आतली वस्ती. रेग्निट्झ नदीचे दोन फाटे, सात टेकड्या, एका टेकडीवर चार मनोऱ्यांचा डोम म्हणजे कॅथेड्रल, आणि नदीच्या ऐन मधोमध पुलावर उभं असलेलं जुनं नगरभवन. महायुद्धात फारशी पडझड न झाल्यामुळे जुनं गाव जवळपास जसंच्या तसं उरलं, आणि 1993 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तत्त्वज्ञ हेगेल इथे 1807-08 मध्ये वर्तमानपत्राचा संपादक होता. हे मी भाचीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने विचारलं, “मामा, तो कुठली प्यायचा?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एवढ्याशा गावात आजही दहाहून अधिक ब्रुअऱ्या चालू आहेत. जर्मनीच्या फ्रँकोनिया प्रांताची गंमत अशी, की बांबेर्गच्या पश्चिमेला द्राक्षमळे आणि वाइनचा मुलूख, तर पूर्वेला बिअरचा. हे गाव बरोबर शिवेवर. नाशिकच्या माणसाला या मांडणीचं कौतुक वाटणारच. आमच्याकडे वाइन येऊन पुरती पंचवीस-तीस वर्षं झाली, तरी आम्ही स्वतःला वाइनची राजधानी म्हणवून घेतो.

काकांच्या धुराच्या बिअरसाठी आधी गाठली ती श्लेंकरला ही ब्रुअरी. तिचं पिण्याचं घर डोमच्या पायथ्याशी, जुन्या गावाच्या गल्लीत आहे. या घराचा पहिला उल्लेख 1405 सालचा, तेव्हा नाव होतं ‘निळा सिंह’. पुढे एकोणिसाव्या शतकात इथला एक ब्रुअर चालताना झोकांड्या दिल्यासारखा हात हलवत चालायचा. तिथल्या बोलीत अशा माणसाला म्हणतात श्लेंकरला. लोकांनी ठेवलेलं टोपणनाव दुकानाला चिकटलं आणि मूळ नाव मागे पडलं. आपल्याकडे ‘लंगड्याचं हॉटेल’ म्हणून सांगितलं की गावातला कुणीही बिनचूक पोचवतो, तसंच हे.

आत काळवंडलेल्या लाकडी तुळया, घासून गुळगुळीत झालेली बाकडी, आणि टेबलं मोठी, आठ-आठ जणांची. रिकामं टेबल शोधत बसायचं नाही. जिथे दोन जागा दिसतील तिथे जाऊन “इथे कुणी आहे का?” एवढं विचारायचं आणि बसायचं. इराण्याकडे जसे आपण अनोळखी माणसासमोर ब्रून मस्का बुडवत बसायचो, तसं. आमच्या टेबलावर एक सत्तरीच्या पुढच्या आजी एकट्याच बसल्या होत्या. समोर अर्धा लिटरचा ग्लास, बाजूला पेपर. सकाळचे साडेदहा वाजले होते.

हे चित्र पचायला मला बिअरपेक्षा जास्त वेळ लागला. मी परमिट रूमच्या संस्कृतीत वाढलेला माणूस. काळ्या काचा, दिवसाही ट्यूबलाइट, दाराला पडदा, ‘फॅमिली सेक्शन’ वेगळा, आणि कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना हवा. तो परवाना 1949 च्या दारूबंदी कायद्याचा. इथे आजी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होत्या.

बिअर आली. रंग जवळजवळ काळा, फेस जाड, पिवळसर. ओक लाकडाच्या पिंपातून, गॅसच्या दाबाशिवाय, नुसत्या वजनाने उतरलेली. पहिला घोट घेतला आणि काकांना शिव्या घातल्या.

चव काय सांगू? खेड्यात चुलीवर दूध तापवताना ओलं सरपण लागलं की दूध धुरकटतं. माझी आजी ते दूध मुलांना देत नसे, त्याचा चहा करी. तो वास. त्यात भर म्हणून खारवून धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा दर्प. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर तो पदार्थ मिळतो आणि आपल्या नाकाला त्याची सवय नसते. भाचीने तोंड वाकडं केलं आणि सफरचंदाचं सरबत मागवलं. ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवरही ग्राहकाला हाच सल्ला छापलेला होता, की पहिला घोट विचित्र लागला तरी थांबू नका. काकांनी तो बहुधा तिथूनच उचलला असावा.

ही धुराची भानगड समजून घ्यायची तर माल्टपासून सुरुवात करावी लागते. बिअरचा जीव माल्टमध्ये. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. आपल्याकडे बाळाला नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवून दळतात. तंत्र अगदी हेच. मोड येताना दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात. मोड वेळेवर थांबवला नाही तर रोप ते सगळं खाऊन टाकेल, म्हणून दाणा वाळवायचा. नाचणी आपण उन्हात टाकतो. बांबेर्गच्या हिवाळ्यात ऊन कुठलं? मग भट्टी. खाली लाकडं पेटवायची, वर जाळीवर ओली बार्ली पसरायची. धूर दाण्यांतून वर जाणारच, आणि जाता जाता आपली खूण ठेवणारच.

म्हणजे धुराची बिअर हा कुणा कल्पक ब्रुअरने लावलेला शोध नाही. लाकडाच्या भट्टीवर माल्ट वाळवणाऱ्या सगळ्यांचीच बिअर कमीअधिक धुरकट असायची. तो दोष होता आणि त्यावर लोकांनी उपाय शोधले. कोक आला, मग धूर बाहेरच्या बाहेर काढून नुसती गरम हवा दाण्यांतून खेळवणाऱ्या भट्ट्या आल्या. बिअर स्वच्छ झाली, सोनेरी झाली, स्वस्तही झाली. एकामागून एक ब्रुअऱ्यांनी लाकडं सोडली. पुढे बहुतेकांनी माल्ट घरी करणंच सोडलं आणि तयार पोती विकत घेऊ लागले. बांबेर्गमध्ये दोन घरं मात्र सरपणाची भट्टी पेटवत राहिली. एक श्लेंकरला, दुसरं स्पेत्सियाल. ती दोघं मागे राहिली म्हणून आज जगभरची माणसं त्यांच्याकडे येतात.

सरपण बीच नावाच्या झाडाचं. चांगलं मुरवलेलं, कोरडं लाकूड लागतं. ओलं जाळलं तर बिअर कडवट होते, हे चुलीपुढे बसलेल्या कुठल्याही बाईला वेगळं सांगायला नको. नाताळच्या सुमारास श्लेंकरला एक कडक बिअर काढते, तिचा माल्ट मात्र ओकच्या लाकडावर वाळवतात. त्यात आठ टक्के मद्यार्क. एरवीची नेहमीची ‘मेर्त्सन’ पाच टक्क्यांच्या आसपास. याच घरी एक फिकट रंगाची साधी बिअरही मिळते, तिच्यात धुराचा माल्ट अजिबात नसतो. तरी तिलाही धुराची झाक येते, कारण भांडी तीच, यीस्टही तेच. एकाच तव्यावर आधी बोंबील आणि मग घावन केल्यासारखं.

दुसरा ग्लास मी निमूट संपवला. तिसऱ्याच्या वेळी काय झालं ते सांगतो, त्यात जादू काही नाही. नाक कुठल्याही एका वासाला पंधरा-वीस मिनिटांत सरावतं. तसा धूर मागे सरला आणि त्याच्या आड असलेली बिअर दिसायला लागली. भाजलेल्या पावाची गोडी, हॉपचा कोरडा कडवटपणा, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारं काहीतरी. कोळशावर भाजलेल्या वांग्याच्या भरताची आठवण मला तिथे झाली. वांग्यातला धूर आपण हौसेने खातो, गॅसवरच्या भरताला नावं ठेवतो, आणि बिअरमध्ये तोच धूर आला की तोंड वाकडं करतो. तिसरा ग्लास मी मागितला. वाढणाऱ्या बाईंनी चकतीच्या कडेला पेन्सिलीची तिसरी रेघ ओढली. हिशेब तिथे असाच ठेवतात. कुपन नाही, टोकन नाही.

जेवायला मी ‘बांबेर्गची कांदा’ मागवला. लिंगाची चूक माझी नाही, जर्मन भाषेत कांदा स्त्रीलिंगी. मोठा कांदा कोरून त्यात खिमा भरतात, भाजतात, वर धुराच्या बिअरचा रस्सा ओततात आणि सोबत बटाट्याचा लगदा देतात. भरली वांगी करणाऱ्या माणसाने एकदा खाऊन पाहावा असा प्रकार आहे. पण मला खरी गंमत वाटली ती पुढे. बांबेर्गच्या लोकांना शेजारपाजारची गावं ‘कांदे तुडवे’ म्हणून चिडवतात. गावात अजूनही माळ्यांची एक जुनी वस्ती आहे, तिथले माळी पूर्वी कांदा पोसावा म्हणून त्याची पात पायांनी तुडवून आडवी करायचे. मी हे ऐकून थबकलोच. निफाड-लासलगावकडे कांद्याच्या माना मोडतात तेच की हे! भाचीने आजींना जर्मनमध्ये समजावलं, की हा माणूस भारतातल्या कांद्याच्या मुलखातून आलाय, तिथेही असंच करतात. आजींनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि ग्लास उचलला. इथे ग्लासाला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. मी ग्लासाकडे बघत होतो. त्यांनी थांबवून पुन्हा करायला लावलं.

चांगली बिअर कुठे मिळेल, असा प्रश्न बांबेर्गकराला विचारू नये हे मला त्या आजींनीच शिकवलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी थोडं विचित्र पाहून प्रतिप्रश्न केला, “तू राहतोस कुठे?” नदीच्या अल्याड राहणारा इकडे पितो, पल्याडचा तिकडे. हा देवळासारखा मामला आहे. ज्याचं त्याचं ग्रामदैवत ठरलेलं.

आम्ही स्टेशनच्या बाजूला राहत होतो, म्हणजे आमचं ग्रामदैवत स्पेत्सियाल. 1536 पासून चालू आहे. बरोबर समोर, रस्ता ओलांडला की फेस्ला, 1649 ची. दोन ब्रुअऱ्या समोरासमोर, दोन्हींच्या वर राहायला खोल्या, आणि पावणेचारशे वर्षांत दोघींपैकी एकीलाही दुसरीमुळे कुलूप लागलेलं नाही. आपल्याकडे समोरासमोर दोन मिसळीची दुकानं असली की एकाच्या पाटीवर ‘आमची कुठेही शाखा नाही’ येतंच.

स्पेत्सियालची धुराची बिअर श्लेंकरलाच्या मानाने पुष्कळ मवाळ. रंग तांबूस, धूर फक्त मागून येऊन खांद्यावर हात ठेवणारा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर हीच सरस. श्लेंकरलाची बिअर लक्षात राहते, स्पेत्सियालची रोज पिता येते. इथे पर्यटक कमी, आणि एका टेबलावर पितळी पाटी ठेवलेली, म्हणजे ते टेबल ठरलेल्या मंडळींचं. तिथे चुकूनही बसायचं नाही. आपल्या कट्ट्यावर बाहेरचा येऊन बसला तर आपल्याला कसं वाटेल?

फेस्लामध्ये दारातून शिरताच जो बोळ लागतो, तिथेच माणसं उभी राहून पितात. गावात या जागेला ‘श्वेम’ म्हणतात. कामावरून घरी जाताना एक ग्लास उभ्याउभ्या, दोन वाक्यं हवापाण्याची, आणि चालू पडायचं. आत बसलात तर जेवण मागवावंसं वाटतं, श्वेममध्ये ती भानगड नाही. मला हा प्रकार फार आवडला. चहाच्या टपरीवर जे घडतं तेच इथे घडतं.

दुसऱ्या दिवशी वुंडरबुर्ग नावाच्या वस्तीत गेलो. तिथेही दोन ब्रुअऱ्या जवळपास समोरासमोर: मार्स ब्रॉय 1670 ची आणि केसमान 1867 ची, आणि शेजारी चर्च. रविवारची प्रार्थना संपली की मंडळी रस्ता ओलांडून थेट बाकावर. केसमानची पिल्स स्वच्छ, कोरडी, उन्हाळ्यासाठी उत्तम. मार्समध्ये मात्र यादी न बघता फक्त एक अक्षर म्हणायचं, ‘ऊ’. उंगेश्पुंडेट या शब्दाचं ते आद्याक्षर. पिंपाचं बूच घट्ट न ठोकता बिअर मुरू दिली की वायू निसटून जातो, पेय मऊ होतं, पोट फुगत नाही. गाळलेली नसल्यामुळे थोडी गढूळ दिसते. आपल्या ताकात आणि बाटलीबंद ताकात जो फरक, तो या बिअरमध्ये आणि विमानतळावरच्या कॅनमध्ये. काकांनी ‘ऊ’बद्दल काहीच सांगितलं नव्हतं. परत आल्यावर विचारलं तर म्हणाले, “सगळं सांगितलं असतं तर तू गेला कशाला असतास?”

एक फजितीही सांगून टाकतो. टेकडीवरच्या एका बिअरच्या बागेत जायचं मनात होतं. चढ चढून, घाम पुसत वर पोचलो तर फाटक बंद. पाटीवर एकच शब्द, रूहेटाग. आठवड्याची सुट्टी. खाली उतरताना भाची पूर्ण रस्ता गप्प होती, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

या टेकडीवरच्या बागांना गावकरी ‘केलर’ म्हणतात. केलर म्हणजे तळघर, पण तिथे लोक तळघरा‘त’ जात नाहीत, तळघरा‘वर’ जातात. यामागे साधी गोष्ट आहे. फ्रिज नव्हते तेव्हा बिअर थंड ठेवायला टेकड्यांच्या वाळूच्या दगडात लांबलचक बोगदे खोदले. हिवाळ्यात बिअर तयार करून उन्हाळ्यापुरती तिथे साठवायची. जमीन तापू नये म्हणून वर दाट सावलीची चेस्टनटची झाडं लावली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की खाली थंड बिअर आहे, वर सावली आहे, मधे फक्त बाकं टाकायची बाकी आहेत. ती टाकली. अनेक केलरांवर बिअर तिथली घ्यायची, खाणं घरून आणलं तरी चालतं. आमच्या शेजारच्या टेबलावर एका कुटुंबाने रीतसर टेबलक्लॉथ अंथरला आणि डब्यांतून पाव, चीज, मुळा, लोणचं बाहेर काढलं. डबा पार्टीच. लहान मुलं झाडाखाली माती खेळत होती. स्पेत्सियालच्या केलरवरून समोर डोमचे चारही मनोरे आणि खाली लाल कौलांचं गाव दिसतं. बाजूलाच जुनी वेधशाळा आहे. ती जागा मी संध्याकाळसाठी सुचवेन, सूर्य डोमच्या बाजूला कलतो तेव्हा.

या गावाला बिअरचा अभिमान आहे, पण तो पोशाखी नाही. जर्मनीत बिअरमध्ये काय घालावं याचा बव्हेरियाचा प्रसिद्ध नियम 1516 चा. बांबेर्गकर लगेच सांगतात, आमच्या बिशपने माल्ट, हॉप आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही असा हुकूम 1489 मध्येच काढला होता. सत्तावीस वर्षं आधी! आणि अभिमान राग धरूनही बसू शकतो. 1907 मध्ये इथल्या ब्रुअऱ्यांनी संगनमत करून अर्ध्या लिटरमागे एका फेनिगने भाव वाढवला, तर गावाने स्थानिक बिअरवर बहिष्कार टाकून शेजारच्या फोर्खहाइमहून बिअर आणवली. थोड्याच दिवसांत ब्रुअऱ्या नमल्या. आज ग्लासाला चारेक युरो पडतात आणि कुणी बहिष्कार टाकत नाही. टाकायला पिणारेच कमी झालेत. 1980 च्या सुमारास पश्चिम जर्मनीत माणशी वर्षाला एकशे पंचेचाळीस लिटर बिअर खपायची, आता तो आकडा नव्वदच्या खाली आला आहे. भाचीच्या वर्गातली निम्मी मुलं बिनमद्याची बिअर पितात. श्लेंकरलाच्या टेबलावरच्या आजींच्या आजूबाजूला मी मोजली तर तिशीच्या आतली गावातली माणसं दोन-तीनच दिसली. बाकी तरुण सगळे कॅमेरेवाले, म्हणजे आमच्यासारखे पाहुणे.

परतीच्या गाडीतून लाल-पिवळ्या विटांची एक जुनी इमारत दिसते. ते वायरमान, 1879 पासून माल्ट बनवणारं घराणं. जगभरच्या लहान ब्रुअऱ्या इथून माल्ट मागवतात, त्यांत भारतातल्याही आहेत. बीचच्या धुराचा माल्टही इथे पोत्याने मिळतो. पुण्यात 2009 मध्ये डूलाली या ब्रूपबने ताजी बिअर बनवायला सुरुवात केली तेव्हा तिच्या मागेही एक जर्मन ब्रुअर होता. तेव्हापासून पुण्या-मुंबईत ब्रूपब पुष्कळ झाले. आंब्याची बिअर झाली, कोकमाची झाली. चांगल्या असतात, मी पितो. पण तिथे दर महिन्याला नवा फ्लेवर लागतो, आणि एकाही ठिकाणी सकाळी साडेदहाला शब्दकोडं सोडवणारी आजी मला अजून भेटलेली नाही. परवानगी दिली तरी ती येईल असं वाटत नाही. आतलं संगीतच तिला बसू देणार नाही.

काकांसाठी मेर्त्सनची एक बाटली कपड्यांत गुंडाळून आणली. काकूंनी एक घोट घेतला, “दूध धुरकटलंय,” म्हणाल्या आणि ग्लास काकांकडे सरकवला. काकांनी बाटली एकट्याने संपवली.

जाणार असाल तर एवढं करा. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर श्लेंकरलाच्या गर्दीत न शिरता स्पेत्सियालला बसा. स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे, त्यामुळे तिसऱ्या ग्लासानंतरही गाडी चुकत नाही. केलरवर जाण्याआधी सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या.